स्कोअर नसलेली वर्षं

कोल्हापुरात मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमकडे गेलं की माझी नजर आधी पायांकडे जाते. एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर एखादा पोरगा बसलेला असतो. बूट शेजारी ठेवलेले, मोजे खिशात कोंबलेले आणि घोट्याला क्रेप बँडेज बांधणं चाललेलं. एक वेढा तळव्याखालून, एक घोट्यामागून, परत तळव्याखालून, इंग्रजी आठाच्या आकारात. आजूबाजूला पेठेतली पोरं आपापल्या तालमीच्या नावानं ओरडत असतात, हलगी कडाडत असते, पोलीस गाड्या हटवत असतात. तो मात्र मान खाली घालून एकेक वेढा बोटानं चाचपून बघत असतो. सैल राहिला तर घोटा सुटणार, घट्ट झाला तर पाय बधिर होणार. तेवढ्या वेळापुरता तो खेळाडूही असतो आणि स्वतःचा डॉक्टरही.

अशीच बांधलेली पावलं एका जुन्या फोटोत आहेत. साल 1948, लंडन ऑलिंपिक, भारताचा फुटबॉल संघ. पायांना पट्ट्या आहेत, बूट नाहीत. 31 जुलैला इल्फर्डच्या लिन रोड मैदानावर फ्रान्सविरुद्ध जे अकरा जण उतरले, त्यातले आठ अनवाणी होते. स्वतंत्र देशाची ऑलिंपिकमधली ही पहिलीच फुटबॉल मॅच. फ्रान्सनं 30 व्या मिनिटाला गोल केला. 70 व्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वाया गेल्या. एक शैलेन मन्नांची, दुसरी महावीर प्रसादांची. आणि मॅच संपता संपता फ्रान्सनं दुसरा गोल मारला. 2-1.

या संघाचा कॅप्टन तेव्हा डॉक्टरकीचा विद्यार्थी होता. वय 30. कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, त्याचं शिक्षण चाललं होतं. माणसाच्या पावलात 26 हाडं असतात. ती त्यानं शरीरशास्त्राच्या वर्गात एकेक करून हाताळलेली असणार, आणि इथे तीच 26 हाडं उघड्या कातडीनिशी फ्रेंच बुटांच्या खिळ्यांसमोर उभी. अनवाणी खेळण्याबद्दल लंडनच्या पत्रकारांनी विचारलं, तेव्हा आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता, असं उत्तर त्यानं दिल्याचं सांगतात. हे एक वाक्य त्याच्या नावाला कायमचं चिकटलं. त्याचं नाव तालिमेरेन आओ. ईशान्येत त्यांना डॉ. टी. आओ म्हणतात.

मला त्या वाक्यापेक्षा या नावातला ‘डॉ.’ अधिक खुणावतो.

त्या मॅचच्या दोन दिवस आधी, 29 जुलैला, वेम्बलीवर उद्‌घाटनाचा सोहळा झाला आणि भारताच्या पथकापुढे तिरंगा घेऊन चालला तो हाच तरुण. त्या पथकात आपले खाशाबा जाधवही होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडनला पोहोचले होते आणि कुस्तीच्या फ्लायवेटमध्ये सहावे आले. 29 जुलै ही तारीख आओंच्या क्लबसाठीही साधी नव्हती. 1911 साली त्याच दिवशी मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2-1 नं हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. तेव्हा अकरापैकी दहा जण अनवाणी होते. बूट घालून खेळलेला एकटा सुधीर चॅटर्जी ख्रिस्ती होता, पुढे तो रेव्हरंड झाला. आओंनी मोहन बागानची जर्सी घातली ती 1943 मध्ये. ते स्वतः एका रेव्हरंडचे चिरंजीव. या गोष्टींना योगायोग म्हणून सोडून देता येतं, पण मला त्यांच्यापाशी थांबावंसं वाटतं. मैदान आणि चर्च यांच्यामध्ये एक पायवाट आधीपासून पडलेली होती, एवढं तरी त्यातून दिसतं.

त्या दिवशी वेम्बलीवर डॉक्टरकीच्या वाटेवरची आणखी माणसं होती. ऑक्सफर्डमध्ये वैद्यक शिकणारा रॉजर बॅनिस्टर ब्रिटिश पथकाच्या व्यवस्थेत मदतनीस होता. पथकाचा झेंडा ऐनवेळी सापडेना, तेव्हा तो शोधून आणायला बॅनिस्टर धावला. सहा वर्षांनी त्यानं मैल चार मिनिटांच्या आत पळून दाखवला, आणि मग उभं आयुष्य मेंदू व मज्जासंस्थेचा डॉक्टर म्हणून घालवलं. त्या धावेपेक्षा हे कामच त्याला मोलाचं वाटे. जमैकाचा आर्थर विंट लंडनमध्ये वैद्यक शिकत होता. त्यानं 400 मीटरचं सुवर्ण मिळवलं आणि पुढे मायदेशी हॅनोव्हर परगण्यात एकटा डॉक्टर म्हणून तो राहिला. अमेरिकेच्या सॅमी लीनं उंच फलाटावरून सूर मारून सुवर्ण जिंकलं, तेव्हा तो लष्करात डॉक्टर होता. कोरियातून आलेल्या आईबापांचा हा मुलगा. त्याच्या लहानपणी पॅसाडेनाच्या तलावात गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस पोहता येई. मुलानं डॉक्टर व्हावं हा त्याच्या वडिलांचा हट्ट होता. सॅमी ली कान-नाक-घसा तज्ज्ञ झाला. आओही दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजात त्याच विभागात हाऊस सर्जन राहिले. ही मंडळी तिथे एकमेकांशी बोलली की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. एकाच उन्हात, एकाच गवताभोवती ही सगळी होती. शरीर किती उंच उडी घेऊ शकतं आणि किती सहज मोडतं, ही दोन्ही टोकं त्या प्रत्येकाला ठाऊक होती, किंवा होऊ घातली होती.

तालिमेरेन आओंचा जन्म 28 जानेवारी 1918 चा, मोकोकचुंगच्या डोंगरातल्या चांगकी गावचा. बारा भावंडांतले ते चौथे. वडील रेव्हरंड सुबोंगवाती निंगदारी. इम्पूरला अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचं ठाणं होतं, तिथे ते पास्टर झाले आणि कुटुंब तिकडे राहायला गेलं. आओ नागांच्या मुलुखात मिशन आलं ते 1872 मध्ये. एडवर्ड क्लार्क हे अमेरिकन मिशनरी आणि त्यांच्या आधी डोंगर चढून गेलेले गोधुला हे आसामी प्रचारक, या दोघांची ती कहाणी. 1894 मध्ये इम्पूर हे मिशनचं मुख्य ठाणं बनलं. आमच्या बाजूला, मिरजेत, वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते याच साली. त्यामुळे इम्पूरचं चित्र डोळ्यांपुढे आणायला मला फार सायास पडत नाहीत. घंटा, सकाळची प्रार्थना, शाळेची लांब कौलारू इमारत, रविवारी धुतलेले कपडे. फक्त आमचं सपाट रान काढून तिथे धुक्यातले डोंगर ठेवायचे, आणि आमच्या एकसुरी भजनाच्या जागी चार पट्ट्यांत एकदम उठणारं नागा गाणं.

त्या मिशनच्या आवारात हा मुलगा चिंध्यांच्या चेंडूनं खेळायला शिकला. पुढे जोरहाटच्या मिशन शाळेत आणि मग गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेला. तिथे महाराणा क्लबकडून खेळताना त्याचं नाव झालं. उंच, सडपातळ, मध्यफळीत उभा राहून समोरच्याचा डाव आधीच ओळखणारा.

मध्ये 1935 साल आहे. त्या वर्षी वडील विषमज्वरानं गेले. मुलगा 17 वर्षांचा. तू डॉक्टर हो आणि आपल्या माणसांची सेवा कर, ही वडिलांची शेवटची इच्छा.

1935 चा विषमज्वर म्हणजे काय, हे आमच्या आजीच्या पिढीला सांगावं लागत नसे. ताप रोज थोडा थोडा चढायचा. तीन-तीन, चार-चार आठवडे माणूस अंथरुणाला खिळायचा. पेज, उकळलेलं पाणी, कपाळावर ओल्या घड्या, आणि रात्री कुणीतरी उशाशी जागं. वैद्य असो की डॉक्टर, ताप उतरायची वाट पाहणं हाच मुख्य उपाय. घरात पास्टर असेल तर प्रार्थनाही होणार, आणि इथे तर ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची तेच पास्टर. सगळ्या गावासाठी गुडघे टेकणारा माणूस आडवा पडलेला असताना त्या घरातली मुलं काय मागत असतील, याचा विचार मनातून जात नाही.

पुढे व्हेनेझुएलातल्या कराकसजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून क्लोरॅम्फेनिकॉल मिळालं, आणि 1948 मध्ये क्वालालंपूरला वुडवर्ड आणि स्मॅडेल यांच्या तुकडीनं ते विषमज्वराच्या रोग्यांना देऊन पाहिलं. आठवडे आठवडे न हटणारा ताप काही दिवसांत उतरला. साल तेच. ज्या वर्षी मुलगा वेम्बलीवर झेंडा घेऊन चालला, त्याच वर्षी त्याच्या वडिलांच्या आजारावर औषध सापडलं. तेरा वर्षं उशिरा. 1950 मध्ये आओ एम.बी.बी.एस. झाले तेव्हा विषमज्वर हा बरा करता येणारा आजार झाला होता. डॉक्टर म्हणून पहिल्यांदा तसा रोगी समोर आला असेल, जीभ पांढरी, डोळे खोल गेलेले, उशाशी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबला असेल का? मला वाटतं, थांबला नसेल. रोगी समोर असताना चांगले डॉक्टर थांबत नाहीत. नंतर, घरी गेल्यावर काय झालं असेल ते वेगळं.

कलकत्त्याची वर्षं मात्र भरगच्च होती. 1942 मध्ये मेडिकलला प्रवेश, 1943 मध्ये मोहन बागान. पुढची नऊ वर्षं ते त्याच क्लबमध्ये होते, कॅप्टनही झाले. 1943 आणि 1944, दोन्ही वर्षी मोहन बागाननं कलकत्ता लीग जिंकली. पण 1943 चं कलकत्ता म्हणजे दुष्काळाचं कलकत्ता. फुटपाथवर माणसं भुकेनं मरत होती आणि मैदानावर लीग चालू होती. मग 1946 चा ऑगस्ट, दंगल, रक्त. इम्पूरच्या डोंगरातून आलेला हा तरुण या शहरात सकाळी वॉर्डात आणि दुपारी चिखलात. एका हाताला फिनेलचा वास, दुसऱ्या हाताला गवताचा. त्या शहरात दोन्हीकडे राहून तो कोरडा कसा राहिला असेल? राहिला नसणारच. मैदानावरचा त्याचा शांतपणा सगळे वाखाणत. तो शांतपणा वॉर्डातूनच आला असावा, असं मी धरून चालतो.

लंडनच्या मॅचनंतर आर्सेनलनं त्यांना बोलावल्याची गोष्ट सांगितली जाते. त्यांनी नकार दिला आणि परत येऊन अभ्यासाला बसले. ही गोष्ट आपल्याकडे नेहमी हळहळत सांगतात: केवढी संधी होती, केवढं नाव झालं असतं. मला ती हळहळ पटत नाही. ती सांगताना आपण धरून चालतो की खेळ हे त्यांचं खरं प्रेम होतं आणि डॉक्टरकी हे वडिलांचं देणं, म्हणजे देण्यासाठी त्यांनी प्रेम सोडलं. पण नऊ वर्षं खेळत खेळत शिक्षण पूर्ण करणाऱ्या माणसानं काय सोडलं? पदवी हाती यायला त्यांना आठ वर्षं लागली. या आठ वर्षांत त्यांनी वडिलांची इच्छा बाजूला टाकली नाही आणि चेंडूही. दोन्ही बरोबर घेऊन ते चालले. आणि जिथे दोनांपैकी एकच हातात राहणार अशी वेळ आली, तिथे कोणतं ठेवायचं हे 1935 मध्येच ठरलं होतं. ठरलेलं असलं की माणूस किती मोकळा होतो, हे त्यांच्याकडे पाहून जाणवतं. मन लावून खेळता येतं, कारण सगळं आयुष्य त्या एका खेळावर टांगलेलं नसतं.

श्रद्धेचं काम इथेच असावं. श्रद्धावान माणूस म्हटलं की आपल्यासमोर मिटलेले डोळे येतात. मला आओंच्या बाबतीत उघडे डोळे दिसतात. बाप्टिस्ट घरात वाढलेल्या मुलाला सेवा हा शब्द फार लवकर भेटतो आणि तो उत्सवाचा शब्द नसतो, रोजच्या कामाचा असतो. पाणी उकळा, हात धुवा, शेजारच्या आजाऱ्याकडे जाऊन या. आमच्या मिरजेतही ऑपरेशनआधी प्रार्थना करणारे डॉक्टर लोकांनी पाहिले आहेत. ती प्रार्थना चमत्कार मागणारी नसे. माझे हात नीट चालू देत, एवढीच ती असे. पेनल्टी घेणाऱ्याच्या मनातही तेच असतं. फरक इतकाच की पेनल्टी हुकली तर मैदानावरचे हजारो लोक पाहतात, आणि हात नीट चालले तर ऑपरेशनच्या टेबलावरचा माणूस बेशुद्ध असतो, त्याला काहीच दिसत नाही.

1953 मध्ये ते कोहिमाला असिस्टंट सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. या गावावरून महायुद्ध जाऊन नऊच वर्षं झाली होती. 1944 च्या वसंतात इथे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टवर ब्रिटिश-भारतीय आणि जपानी सैन्य समोरासमोर भिडलं होतं. कोर्टाच्या एका बाजूला एक फौज, दुसऱ्या बाजूला दुसरी, मधल्या जागेत हातबॉम्ब. त्या उतारावर आज 1,400 हून अधिक कबरी आहेत आणि कोर्टाच्या रेषा तशाच आखून ठेवल्या आहेत. खेळाडू असलेला डॉक्टर या गावात रोज त्या उतारावरून ये-जा करतो, हे मनाशी आणून पाहा.

आणि गाव पुन्हा पेटायच्या बेतात होतं. नागा नॅशनल कौन्सिलनं 14 ऑगस्ट 1947 ला नागांच्या स्वातंत्र्याची घोषणा केली होती. त्याच्या पुढच्याच वर्षी एका नागा तरुणानं भारताचा झेंडा जगापुढे नेला. 1953 च्या मार्चमध्ये पंडित नेहरू कोहिमाला आले तेव्हा जमलेले लोक सभेतून उठून गेले. पुढच्या काही वर्षांत डोंगरात बंदुका चालू लागल्या, 1958 मध्ये सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा आला. गावं जळाली, माणसं दोन्ही बाजूंची पडली. अशा वेळी सरकारी दवाखान्यातल्या, त्याच मातीतल्या डॉक्टरवर काय काय ओझं असतं, ते सांगणारं पुस्तक अजून लिहिलं गेलेलं नाही. जखमी माणसाला आणतात तेव्हा तो कुणाच्या बाजूचा हे विचारायचं की नाही? त्याची आई दाराबाहेर उभी असते, ती कुठल्या बाजूची? झेंडा घेऊन चाललेले हात आता टाके घालत होते, आणि टाक्यांना बाजू नसते, असं मानल्याशिवाय त्या वर्षांत कोहिमात डॉक्टर म्हणून टिकता आलं नसतं.

1 डिसेंबर 1963 ला नागालँड राज्य झालं आणि आओ तिथल्या आरोग्यसेवेचे संचालक झाले. 1978 मध्ये निवृत्त झाले. या काळाबद्दल लिहिताना सगळ्यांचे लेख आखडतात, माझाही आखडतो. मोहन बागानच्या नऊ वर्षांत कोणत्या साली काय जिंकलं ते सांगता येतं. पंचवीस वर्षांच्या डॉक्टरकीत किती बाळं सुखरूप झाली, किती कानांतलं दुखणं थांबलं, कोणत्या गावात जायला रस्ता नव्हता म्हणून लस पोहोचवायला किती चालावं लागलं, हे कुठेच मांडलेलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाची नोंद कुणी ठेवत नाही. तो बरा होतो, घरी जातो, शेतात जातो, विसरतो. विसरता येण्याइतकं बरं करणं हेच तर डॉक्टरचं यश. पण त्या यशाचा चषक कपाटात ठेवता येत नाही.

लग्न झालं, चार मुलं झाली. एरवी अशा लेखात घर एका ओळीत उरकतात. पण बारा भावंडांत वाढलेल्या आणि सतराव्या वर्षी वडील गेलेल्या माणसासाठी स्वतः वडील होणं ही एका ओळीची गोष्ट नसणार. आपले वडील ज्या वयात गेले त्या वयाकडे सरकताना डॉक्टर माणसालाही आकडे मोजायचा मोह होतोच. आओंना आयुष्य मिळालं. 13 सप्टेंबर 1998 ला दिमापूरमध्ये, 80 व्या वर्षी ते गेले. मुलं मोठी झालेली त्यांनी पाहिली. इम्पूरच्या पास्टरना जे मिळालं नव्हतं, ते त्यांच्या मुलाला मिळालं.

त्यांच्या नावानं आता फुटबॉलच्या स्पर्धा होतात. 2009 पासून ईशान्येतल्या राज्यांसाठी डॉ. टी. आओ ट्रॉफी सुरू झाली. आसामात मैदानाला त्यांचं नाव आहे. ते योग्यच आहे. मैदानावर पोरं असतात आणि पोरांना असं नाव हवं असतं. त्या नावामागच्या ‘डॉ.’बद्दल एखादा पोरगा प्रशिक्षकाला विचारत असेल, अशी मला आशा आहे.

कोहिमाला जायचं माझ्या मनात आहे. तिथे गेलो तर फुटबॉलबद्दल कुणाला विचारणार नाही, ते सगळं कागदावर आहे. दवाखान्याच्या बाजूला बाकावर बसलेलं एखादं म्हातारं माणूस गाठीन, साठ-पासष्ट वर्षांमागचं आठवणारं. त्याच्या भाषेतला कुणी दुभाषा लागेल. त्याला एवढंच विचारीन की लहानपणी आजारी पडलात तेव्हा तपासायला आलेले ते उंच डॉक्टर आठवतात का, आणि त्यांचा हात गार होता की ऊबदार.